बायाक्काचं नाव

“उठा. आता त्या पलीकडच्या खुर्चीत बसा,” मगदूम वकील म्हणाले.

“का? ह्या खुर्चीला काय झालं?”

“या खुर्चीत शालनताई पोवार होत्या. त्यांचं सगळं ऐकून झालं माझं. आता मला कंपनीशी बोलायचंय. तिकडं बसलात की तुम्ही कंपनी.”

माझं टाळकंच सरकलं. घसा कोरडा होईस्तोवर मी त्या कंपनीच्या नावानं बोटं मोडली होती, तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता, आणि हा माणूस मलाच कंपनी करायला निघालेला! नाव बाहुबली आणि अंगानं म्हणाल तर उदबत्तीची काडी. शाहूपुरीत सायकलच्या दुकानावर माडीवरची एक खोली, तिच्यात टेबल, खुर्च्या आणि खडखडणारा पंखा. फोन वाजला की स्वतःच उचलायचा. वाटलं, उठावं आणि सरळ जिना उतरावा.

पण उतरून जाणार कुठं? आदल्या दिवशीच मी शहरातल्या एका मोठ्या वकिलांकडं जाऊन आले होते. गारगार हॉल, काचेचं दार, दारातल्या मुलीनं नाव लिहून घेतलं आणि बसवून ठेवलं. मोठे साहेब काही दिसले नाहीत. त्यांचा एक ज्युनिअर आला, उभ्याउभ्या नोटीस वाचली आणि म्हणाला, “मावशी, भांडणात पडू नका. नाव बदलून टाका. दुसरं काहीही ठेवा.”

“नाव काय परकर हाय व्हय रं, बदलायला?” मी म्हटलं आणि नोटीस त्याच्या हातातून ओढून घेऊन आले.

त्या नोटिशीचं सांगते. कोल्हापुरात डंक म्हणजे मिरची-मसाला कुटायचं यंत्र. लोखंडी मुसळं वरून धाडधाड खाली येतात आणि उखळातल्या मिरचीची चटणी होते. हो, आमच्याकडं चटणी म्हणजे वर्षभर पुरणारं तांबडं तिखट, कांदा-लसूण घातलेलं. मंगळवार पेठेत आमचा डंक. पाटीवर नाव, ‘बायाक्काचा डंक’. बायाक्का म्हणजे माझी सासू. तिनं उभा केलेला, तिच्या हातात असतानाच तिनं तयार चटणीही विकायला काढली. नोकरीमुळं बाहेरगावी गेलेल्या लेकी-सुना नेतात. साध्या पिशवीत, वर रबरी शिक्का, ‘बायाक्का चटणी’.

आणि मुंबईच्या एका कंपनीनं तेच नाव सरकारात नोंदवून घेतलं. चकचकीत पाकीट काढलं, त्यावर नथ घातलेली हसरी म्हातारी. वर आम्हालाच नोटीस! हे नाव आमच्या मालकीचं आहे, तुम्ही ते चोरलंय, पाटी उतरवा, पिशव्या नष्ट करा, नाहीतर कोर्टात खेचू. चोरलंय म्हणे! ते वाचून माझ्या अंगाची जी लाही झाली, ती आज इतक्या वर्षांनी सांगतानाही होते.

तर मगदूमांच्या त्या खोलीत मी कुरकुरत उठले आणि पलीकडच्या खुर्चीत बसले.

“नाव?” त्यांनी विचारलं.

“शाल—”

“कंपनीला शालन म्हणत नाहीत.”

“बरं बाबा, कंपनी!”

“कोल्हापुरातल्या त्या पोवार बाईंना तुम्ही नोटीस का धाडली?”

“नाव आमचं हाय. आम्ही नोंदवलंय.”

“त्यांची तर तुमच्या कितीतरी आधीपासून पाटी आहे, म्हणतात.”

“म्हणत्यात न्हवं? म्हणंनात का. पुरावा काय हाय?” मी म्हटलं. आधी नुसती रेटून बोलत होते, पण बोलता बोलता मला जोर चढला. “डंकावर पावती कोण देतंय? बाई येती, मिरची कुटून घेती, कनवटीचं पैसं देती न् जाती. कधी पेपरात जाहिरात दिली काय? पाटी काय, कालबी रंगवली असंल! आणि बायाक्का म्हंजी कोण वो? गल्लीगल्लीत एकेक आक्का असती. आम्ही कुठल्यातरी एका म्हातारीचं नाव चोरलं, हे कोण शाबीत करणार?”

बोलून गेले आणि मग माझ्या ध्यानात आलं. मीच माझी पाटी उतरवून दाखवली होती.

मगदूम मात्र खूश दिसले. “छान बोलता की. आता एवढंच सांगा. बाई इतकी मामुली आहे, तर तुमच्यासारखी मोठी कंपनी तिच्या मागं का लागलीय? तिच्या चार पिशव्यांनी तुमचं काय बिघडतंय?”

मला महाद्वार रोडचा एक दुकानदार आठवला. त्यानं मला हसत हसत सांगितलं होतं, तेव्हा मी कानामागं टाकलं होतं.

“कोल्हापुरात आमचं पाकीट खपंना,” मी कंपनीच्या तोंडानं सावकाश म्हणाले. “गिऱ्हाईक पाकीट हातात घेतंय न् इचारतंय, ही डंकावरची बायाक्का काय? न्हाई म्हटलं की ठेवून देतंय.”

“म्हणजे?”

“म्हंजी आम्ही भ्यालोय.”

शब्द तोंडातून बाहेर पडले आणि मला हसूच फुटलं. एवढी मोठी कंपनी आणि भ्यालीय कुणाला, तर मला! इतके दिवस रात्री डोळ्याला डोळा लागत नव्हता माझा. त्या क्षणी ती भीती माझ्या अंगावरून उतरली, ती उतरलीच.

“या आता परत इकडं,” मगदूम म्हणाले. “माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येकाला मी तिकडं बसवतो. काही जण रागानं निघून जातात. जाऊ देत. ज्याला समोरच्याचं भांडण मांडता येत नाही, त्याचं भांडण मी घेत नाही.”

मग त्यांनी मला कायदा सांगितला, तोही मला कळेल असा. नाव नोंदवलं त्याचं, हे खरं. पण नोंदवणाऱ्याच्या आधीपासून कुणी तेच नाव चालवत असेल, तर त्याला ते थांबवता येत नाही. आधीपासून चालवतोय, एवढं मात्र दाखवता आलं पाहिजे. शेजारपाजारच्या बायका साक्षीला येतील, ते ठीक. “पण कोर्ट पहिलं विचारणार, ज्यांचं नाव आहे त्या बायाक्का कुठं आहेत? त्या आल्या तर निम्मं काम झालं. त्या आहेत ना?”

“हाईत की. ठणठणीत हाईत.”

“मग उद्या मी डंकावर येतो. जागा बघितल्याशिवाय मी कागद लिहीत नाही. आणि एक आधीच सांगतो, आम्ही कांदा-लसूण खात नाही. तुमची चटणी मी कधी चाखलेली नाही आणि चाखणारही नाही.”

“न चाखता भांडणार?”

“चवीचं भांडण तुम्ही करा. मी नावाचं करतो.”

दुसऱ्या दिवशी मगदूम आले ते दारातच ठसक्यानं वाकडे झाले. ऐन चैत्र होता, डंकाचा सीझन. आत बायकाच बायका. कुणी पोत्यावर, कुणी पाटावर, कुणी आपल्याच डब्यावर. प्रत्येकीच्या पुढ्यात वाळलेली मिरची, भाजलेलं खोबरं, धने, तीळ. मगदूमांना नाकाला रुमाल लावून एका कोपऱ्यात बसवलं. ते बराच वेळ नुसते बघत होते. मग मला म्हणाले, “या सगळ्या इथं का बसल्यात? डबा ठेवून जायचं आणि कुटून झालं की न्यायला यायचं. सोपं नाही का?”

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. शिकलेली माणसं कधीकधी काय विचारतील, नेम नाही. “वकीलसाहेब, आपली मिरची सोडून कुठली बाई जाईल? दुसरीची चटणी हिच्यात मिसळली तर? कुणाची तिखट, कुणाची नुसती रंगाची. प्रत्येकीच्या घरची चव वेगळी. आपला नंबर येऊन आपली चटणी आपल्या डब्यात पडंस्तोवर डंकावरची बाई हलत न्हाई. लेकरू तापलेलं असलं तरी मांडीवर घेऊन बसती.”

“आणि असं कधीपासून?”

“डंक हाय तवापासून.”

मगदूमांनी मान डोलावली. मग मी त्यांना आत्याबाईंकडं घेऊन गेले. सगळं गाव बायाक्का म्हणतं, मी सासूला आत्याबाई म्हणायची. वय झालेलं, पाठीतून वाकलेल्या, पण सीझनला रोज डंकावर यायच्याच. भिंतीला टेकून मिरचीचे देठ खुडत बसायच्या. मगदूमांनी त्यांना नमस्कार केला, सगळं समजावून सांगितलं आणि म्हणाले, “बायाक्का, तुम्ही फक्त एकदा कोर्टात येऊन सांगायचं, की बायाक्का ती मीच.”

आत्याबाईंचा हात देठावर थांबला.

“कुणाला सांगायचं?”

“न्यायाधीशांना.”

“मी बायाक्का हाय, हे मी दुसऱ्याला पटवून द्यायचं?” त्यांचा आवाज एकदम चढला. “ज्यानं चोरलं त्याला इचारा की, तू कोण म्हणून! मी न्हाई यायची. जीव गेला तरी कोर्टाची पायरी चढायची न्हाई.”

“आत्याबाई, आवो नाव जाईल!” मी कळवळून म्हटलं.

“जाऊ दे. पण मी मीच हाय म्हणून रडत कुणाच्या दारात जायची न्हाई.”

मी हात जोडले, पाया पडले, मालकांना, त्यांच्या लेकाला, सांगून बघितलं. म्हातारी हटली नाही. मला इतका राग आला होता म्हणून सांगू! जिच्या नावासाठी मी जिवाचं रान करत होते, तीच पाय रोवून बसली होती. मगदूमांना सोडायला रस्त्यावर आले तेव्हा मी जवळजवळ रडकुंडीला आले होते.

“त्या अशाच आहेत का पहिल्यापासून?” त्यांनी विचारलं.

मग मी त्यांना पाटीचं सांगितलं. डंक टाकला तेव्हा पेंटर विचारायला आला, नाव काय लिहू? सासरे म्हणाले, ‘पोवार आणि सन्स’. सन्स कुठले, दोघंही पोरगे तेव्हा शाळेत! आत्याबाई पदर खोचून पेंटरच्या शिडीपुढं उभ्या राहिल्या. “मिरचीनं छाती माझी जळती. नाव माझं घाल.” सासरे चिडून घरातून निघून गेले, आठवडाभर बोलले नाहीत. आत्याबाईंनी पाटी बदलली नाही. “वकीलसाहेब, घर सासऱ्यांच्या नावावर. जमिनीचा तुकडा त्यांच्याच नावावर. गॅसचं कार्डसुदिक माझ्या मालकांच्या नावावर. त्या बाईच्या नावाचं ह्या जगात एवढं एकच हाय.”

मगदूमांनी आपली सायकल स्टँडवरून काढली. दुसरा वकील असता तर म्हणाला असता, साक्षीदार ऐकत नसेल तर माझा नाइलाज आहे. हे म्हणाले, “त्यांचं बरोबर आहे, ताई. त्यांनी कुणाकडं जायचं कारण नाही. कंपनीलाच इकडं आणू.”

“ती कशाला येतीय?”

“तुम्हीच सांगितलंत की त्या खुर्चीत बसून. भ्यालेला माणूस तडजोडीला येतो.”

आणि खरंच आले की! मगदूमांनी फोनवर एवढंच सांगितलं, बोलायचं असेल तर हॉटेलात नाही, आमच्या जागेवर. कंपनीला सीझनमध्येच माल खपवायचा होता, थांबायला वेळ नव्हता. आदल्या संध्याकाळी मगदूमांनी मला दोन गोष्टी बजावल्या. एक, “ते काहीतरी देऊ करतील. ते घ्यायचं की नाही, तुम्ही ठरवायचं. मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. खटला लांबेल आणि बायाक्का आल्या नाहीत तर आपण हरूही शकतो.” आणि दुसरी, “बायाक्कांची ओळख करून द्यायची नाही. त्यांनी स्वतःला सिद्ध करायचं नाही म्हटलंय. मग आपणही ते करायचं नाही.”

कंपनीकडून दोघं आले. नाबर नावाचे साहेब, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. आणि त्यांच्या वकील तळपदे बाई, करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. आत पाऊल टाकताच दोघांनाही ठसका लागला. मी पाणी दिलं, खुर्च्या दिल्या. बोलणं ऐकू यावं म्हणून डंक बंद केला, तशी तानुबाई खवरे ओरडली, “लाइट गेली काय गं?”

तानुबाई म्हणजे आमचं जुनं गिऱ्हाईक. एकदाही कौतुकाचा शब्द नाही. बारीक झाली, जाड राहिली, मीठ कमी पडलं, दर वर्षी काहीतरी भांडण ठरलेलं. पण दुसऱ्या डंकावर कधी गेली नाही.

नाबर साहेबांनी सगळीकडं नजर फिरवली आणि हळूच मला म्हणाले, “या बायकांना जरा बाहेर बसवता का? थोडं खासगी बोलायचं होतं.”

हळू कसलं, सगळ्यांनी ऐकलं.

“कुणाला भायेर?” तानुबाई म्हणाली.

“दहा मिनिटं फक्त, मावशी. सामान राहू दे इथंच.”

“सामान? ही माझी वर्साची मिरची हाय! ही हितं आणि मी भायेर? उद्या हिची लवंगी माझ्या डब्यात आली म्हंजी माझं घर वर्सभर काय खाईल? तुमचं पाकीट?”

सगळ्या बायका हसल्या. एकही जागची हलली नाही. नाबर साहेब ओशाळले, पण माघार घेईनात. भिंतीला टेकून देठ खुडणाऱ्या म्हातारीकडं वळून म्हणाले, “आजी, निदान तुम्ही तरी उठा. तुम्ही उठलात की बाकीच्या उठतील.”

आत्याबाईंनी त्यांच्याकडं एकदा बघितलं आणि पुढची मिरची उचलली.

माझ्या जिभेच्या शेंड्यावर आलं होतं, पण मगदूमांनी डोळ्यांनीच मला दाबलं. शेवटी नाबर साहेबांना सगळ्यांसमोरच बोलावं लागलं. बोलले मात्र गोड. आम्हाला तुमचा धंदा बुडवायचा नाही. तुम्ही डंक चालवा, चटणी विका. नवी मोठी पाटी आम्ही लावून देऊ, लाइटची, खाली आमचं चिन्ह. फक्त एका कागदावर सही करा, की नाव कंपनीचं आणि पोवार ते कंपनीच्या परवानगीनं वापरतात.

खरं सांगते, माझं मन हललं. खटला नको, कोर्ट नको, पाटी राहतीय, चटणी विकली जातीय. एका सहीनं सगळी कटकट मिटत होती. मी मगदूमांकडं बघितलं. त्यांनी ना हो म्हटलं, ना नाही. ठरवायचं मीच होतं.

मग मला वाटलं, माझ्याच सासूचं नाव लावायला मी ह्या माणसाची परवानगी घ्यायची? तीही तिच्या डोळ्यांदेखत? डोक्यात असली तिडीक गेली माझ्या!

“सही न्हाई करायची मी,” मी म्हटलं. “पाटी लाइटची नको आणि परवानगीबी नको. तुमच्या परवानगीची वाट बघितली असती तर ही पाटी चढलीच नसती.”

“ताई, भावनेच्या भरात—”

“भावना न्हाई, राग हाय! आणि एक सांगा, तुमच्या पाकिटावर ती नथवाली म्हातारी हाय, ती कोण?”

नाबर साहेब हसले. लहान मुलीला समजावतात तसे म्हणाले, “ती आमच्या जाहिरातवाल्यांची कल्पना. तशी कुणी बाई नाही हो. बायाक्का म्हणजे काय, एक भावना आहे. मायेची, घरच्या चवीची. बायाक्का नावाचं खरं कुणी नसतं.”

“बायाक्का,” तानुबाई मागून करवादली, “ह्यांची भावना ठीव बाजूला आणि माझा नंबर कवा येणार ते सांग आधी. पोरं शाळंतनं यायची येळ झाली.”

“तुझ्या फुडं अजून दोघी हाईत,” आत्याबाई देठ खुडतच म्हणाल्या. “गप बस.”

नाबर साहेब हळूहळू मागं वळले. ज्या आजींना त्यांनी बाहेर जायला सांगितलं होतं, त्यांच्याकडं बघत राहिले. तळपदे बाईंनी आधी म्हातारीकडं बघितलं, मग दाराबाहेरच्या पाटीकडं, मग मगदूमांकडं. मगदूम खिडकीबाहेर बघत होते, जणू त्यांचा या सगळ्याशी काही संबंधच नाही.

“काय बघतासा?” तानुबाईला आता चेव आला होता. “मी नवी नवरी हुतो तवापासनं भांडतोय ह्या बाईशी. माझी सासू भांडली, मी भांडलो, आता माझी सून भांडती. बायाक्का, मीठ कमी पडलं. बायाक्का, कुटाई जादा घेतलीस. आमच्या घरात चटणी तोंडाला लागली की पयलं नाव हिचं निघतंय, शिवी देऊन का हुईना. तुमच्याशी कधी भांडलोय काय वो मी?”

“मावशी, गैरसमज होतोय,” नाबर साहेब म्हणाले. पण माणूस हुशार, लगेच सावरले. पुढं झाले, आत्याबाईंसमोर चक्क उकिडवे बसले. “आजी, मला ठाऊकच नव्हतं. माफ करा. अहो, हे तर सोन्याहून पिवळं झालं! तुमचाच फोटो टाकू पाकिटावर. सगळ्या महाराष्ट्रात तुमचं नाव होईल.”

“फोटो माझा,” आत्याबाई म्हणाल्या. “आणि आत मिरची कुणाची?”

नाबर साहेबांनी मागं वळून तळपदे बाईंकडं बघितलं.

“उठ बाबा,” आत्याबाई म्हणाल्या. “शर्ट मळंल तुझा.”

बायका पुन्हा हसल्या. मला वाटलं, जिंकलो आपण! पण तळपदे बाई हसल्या नव्हत्या. त्या उठून आत्याबाईंजवळ आल्या. आवाज मऊ, पण प्रश्न धारदार.

“आजी, तुम्ही हे कोर्टात येऊन सांगाल? की बायाक्का तुम्हीच, आणि हे नाव तुमचं?”

नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं बाईनं. मुरलेली वकील. म्हातारी नाही म्हणाली, की संपलं. मग कंपनी खुशाल खटला भरणार आणि आमच्याकडं सांगायला कुणी नसणार. मी आत्याबाईंकडं डोळ्यांनी विनवलं. एकदा हो म्हणा. नुसतं म्हणा, मागून बघू. मगदूमांचीही मान खिडकीकडून इकडं वळली होती.

आत्याबाईंनी मांडीवरचे देठ झटकले. तळपदे बाईंना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

“मी न्हाई यायची,” त्या म्हणाल्या. “तू सांग की. तू बघितलंयस न्हवं आता?”

मिरचीच्या खाटानं, त्या झणझणीत वासानं असेल, नाहीतर आणखी कशानं, तळपदे बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी ते पदरानं टिपलं आणि म्हणाल्या, “चला, नाबर.”

“चला काय? अजून आपलं बोलणं—”

“अशी कुणी बाई नाही, असं मला आता कुठल्याही कागदावर लिहिता येणार नाही. चला.”

नाबर साहेब माझ्याकडं बघत, मग मगदूमांकडं बघत बाहेर पडले. तळपदे बाई दारात जरा थांबल्या, वर पाटीकडं बघितलं आणि गाडीत जाऊन बसल्या. पुढं नोटीस मागं घेतल्याचं पत्र आलं, आणि सीझन संपायच्या आत ते पाकीट दुकानांतून गेलं.

पण त्या घटकेला मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी आत्याबाईंजवळ मटकन बसले आणि त्यांचा हात घट्ट धरला. किती राग केला होता मी त्यांचा! मला रडू आलं आणि हसूही आलं.

“रडतीस कशापायी?” त्या हात सोडवून घेत म्हणाल्या. “डंक चालू कर. बायका खोळंबल्यात.”